उघडी बाटली

ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एक जण ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबतो, दुसरा चाकापाशी जमिनीवर आडवा होऊन निप्पल उघडतो. खालचा सांगेल तेव्हा दाबायचं, सांगेल तेव्हा दाबून धरायचं, आणि निप्पल बंद झाल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला तर बाहेर पडत असलेली हवा पुन्हा नळीत शिरते. गेली चौदा वर्षं आमच्या जोडीत सीटवर मी आणि जमिनीवर उस्ताद, अशी वाटणी होती. रायपूरला टाटीबंधकडे, ट्रकांच्या रांगेमागे, पत्र्याची शेड टाकून त्यांचं गॅरेज आहे. खालून आवाज यायचा, ‘दबाओ. दबाओ. दबाओ. पकड़ो.’ मग जरा वेळाने, ‘छोड़ो.’

गाडी फियाट पॅलिओ, 1.6. तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की जाणकार हसतात, पण 2001 मध्ये पॅलिओ भारतात आली तेव्हा एवढ्याशा गाडीत शंभर अश्वशक्तीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता, त्याच्या नावाची एस10 अशी खास आवृत्तीही निघाली. त्याच काळात ब्रॅडमनच्या 29 शतकांशी बरोबरी केल्याबद्दल फियाटने त्याला फेरारी भेट दिली आणि तिच्या आयात शुल्कावरून देशभर वाद झाला. आमच्या मंडळात, म्हणजे चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, त्या वादावर जेवढी चर्चा झाली तेवढी कुठल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षावरही झालेली मला आठवत नाही. मी तेव्हा कोलकात्याला जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते. सुट्टीला हावडा मेलने घरी आले की हा वाद मामांच्या आणि काकांच्या दोन पक्षांत चालू असायचा. गाडीविषयी मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं.

गाडी मी घेतली 2010 मध्ये, जुनी, एका ओळखीच्यांकडून, कारण स्वस्त होती. स्वस्त का होती ते पहिल्या वर्षात कळलं. सुटे भाग रायपुरात मिळत नव्हते. ते मुंबईहून, कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून यायचे. ही गाडी बनलीही कुर्ल्यालाच, त्याच कारखान्यात जिथे प्रीमियर पद्मिनी बनत होती. एका कादंबरीच्या अनुवादाचे पैसे बरोब्बर चार टायर आणि एका टायमिंग बेल्टचे झाले होते, हे मला अजून लक्षात आहे. टायमिंग बेल्टमध्ये काटकसर करायची नाही हे उस्तादांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं. पट्टा तुटला तर पिस्टन वर येतो आणि उघडा व्हॉल्व्ह जाग्यावर नसतो, की दोघं आपटतात. आई म्हणते, “पुन्हा गाडी बनवायला टाकली का?” बनवायला टाकणे म्हणजे दुरुस्तीला देणे. पुण्याची माणसं हे ऐकून बुचकळ्यात पडतात. आमची रायपुरी मराठी भोसल्यांच्या काळापासून हिंदीच्या शेजारी राहते, तिने एवढं तरी उचललं असणारच.

गॅरेजमध्ये मी एक वही ठेवली होती. उस्तादांचे शब्द त्यात लिहून घ्यायची. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांना ते ‘फाउंडेशन’ म्हणतात, शॉक अॅब्सॉर्बरला ‘शॉकप’, वॉशरला ‘वायसर’. रबराचा कुठलाही तुकडा ‘गुटका’. मला वाटायचं मी कोश करते आहे. एकदा त्यांनी वही हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, ‘इसमें ये भी लिखिए कि कौन सा पाना कहाँ लगता है.’ मी लिहिलं नाही. शब्दाची व्युत्पत्ती लिहिली.

ट्रॅकचं वेड 2014 च्या सुमारास लागलं. आपल्याकडे रोज वापरायची गाडी ट्रॅकवर नेण्याची सोय फार थोड्या जागी आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. रेसिंगच्या गाड्या स्वतः बांधणारा हा माणूस 1995 मध्ये विमान अपघातात गेला. दिल्लीशेजारी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, जिथे 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झालं. आणि चेन्नईबाहेर, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, 1990 पासूनचा, 3.7 किलोमीटर, बारा वळणांचा. त्याआधी शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. मला आवडतो तो हाच. कारण सांगता येणार नाही, कदाचित पहिला म्हणून.

तिथे शर्यत नसते. फी भरायची, हेल्मेट घालायचं, पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये गाडी चालवायची. मागच्याला जाऊ द्यायचं असेल तर हात दाखवायचा. पाळी संपली की एक फेरी हळू मारून ब्रेक थंड करायचे आणि गाडी उभी केली तरी हँडब्रेक ओढायचा नाही. विमा चालत नाही, पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणजे जे होईल ते आपल्या खिशातून, आणि ज्या गाडीने आलो त्याच गाडीने घरी जायचं आहे. ट्रेलरवर गाडी आणणाऱ्या मंडळींना हे ओझं नसतं. मला मात्र प्रत्येक वळणाला बाराशे किलोमीटर मागे असलेलं घर दिसतं, आणि खरं सांगायचं तर मजा त्यातच आहे. चाळिशी उलटलेली, अनुवादावर पोट असलेली बाई हे का करते, असं विचारणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. दिवसभर दुसऱ्याचं वाक्य आपल्या हातात असतं. ट्रॅकवर ते नसतं, एवढंच.

जानेवारीत निघण्याआधी नेहमीसारखी सगळी तयारी केली. पॅड नवे, टायर बरे, बेल्ट दोन वर्षांचा. उरलं ब्रेकचं तेल बदलणं. उस्तादांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं होतं. ते काळा चष्मा लावून काम करत होते आणि निप्पलवर पाना बसवताना आधी बोटाने चाचपत होते. ते मी पाहिलं. पाहिलं आणि मनात एक खूण करून ठेवली, जशी आपण एखाद्या परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने करतो.

तेलाची बाटली मी घरून नेली होती. अर्धी उरलेली. उस्तादांनी ती उजेडात धरली, हलवली.

‘दीदी, ये कब की खुली है?’

‘पिछले महीने की.’

‘नया मँगा लें? पास में ही मिल जाएगा.’

‘अरे, आधी पड़ी है, काहे को?’

पुढे नेहमीचं. दबाओ, दबाओ, पकड़ो, छोड़ो. पेडल दगडासारखं घट्ट झालं. त्यांनी स्वतः सीटवर बसून दोनदा दाबून पाहिलं, मगच चाकं चढवली.

जाताना मी नागपूरवरून गेले, मावशीकडे मुक्काम करायचा होता. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा. दुसऱ्या दिवशी हैदराबाद, तिसऱ्या दिवशी चेन्नई. चौदाशेच्या घरात किलोमीटर, ब्रेकबद्दल शंकेला जागा नाही. रस्त्यावर गाडी पाचवीत तीन हजारांच्या आसपास गुणगुणत असते. ती काय करू शकते ते तिला विचारलं जात नाही.

ट्रॅकवर दुसऱ्या पाळीची चौथी फेरी होती. सरळ रस्ता संपताना वेग दीडशेच्या जवळ, आणि जिथे नेहमी ब्रेक दाबते तिथे दाबला. पेडल खाली गेलं. मऊ, लोण्यात बोट जावं तसं, थेट पायतळाच्या कार्पेटपर्यंत. घाबरायला वेळ नव्हता, तो नंतर भरपूर मिळाला. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा थोडं काहीतरी पायाला लागलं. चौथीवरून तिसरी, तिसरीवरून दुसरी, इंजिन किंचाळलं. वळण घ्यायचा नाद सोडून दिला आणि चाकं सरळ ठेवून गाडी बाहेरच्या मातीत घातली. मातीत चाकं वळवली की गाडी कोलांटते, हे कुणीतरी फार पूर्वी सांगितलं होतं आणि ते पायांनी लक्षात ठेवलं होतं. धूळ, खडे, मग शांतता. टायरांची भिंत चार-पाच पावलांवर होती.

टोचन लावून गाडी परत आणली. मी हेल्मेट काढलं आणि पहिलं काम केलं ते फोन.

‘का होगे दीदी? चोट तो नइ लागिस?’ आवाजावरूनच त्यांना कळलं असावं. छत्तीसगढी ते माझ्याशी सहसा बोलत नाहीत.

मी म्हणाले, हवा राहिली होती. म्हणाले, मी मेले असते. आणि मग म्हणाले, ‘आँख ठीक नहीं थी तो बोल देते. किसी और से करा लेती.’

पलीकडे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. बराच वेळ तेवढेच. मग ते म्हणाले, ‘हो सकता है, दीदी. हमसे ही छूटा होगा. आप ठीक हैं ना? गाड़ी वहीं छोड़ दीजिए, हम किसी को भेजते हैं.’

मी फोन ठेवला.

संध्याकाळी शेजारच्या गाडीवाल्यांचा मेकॅनिक, एक तरुण तमिळ मुलगा, हवा काढून द्यायला आला. आधी तो सीटवर बसला आणि त्याने पेडल दाबलं. ते घट्ट होतं. सकाळी रायपूरहून निघताना होतं तितकंच. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचं इंग्रजी आणि माझं तमिळ सारखंच तोकडं, पण म्हणणं सोपं होतं. हवा राहिली असती तर पेडल थंडपणीही मऊ लागलं असतं, आणि मी चौदाशे किलोमीटर त्यावर आले आहे. त्याने टाकीचं झाकण उघडलं आणि पेनासारखी एक वस्तू तेलात बुडवली. लाल दिवा लागला. किती जुनं आहे, त्याने विचारलं. आठवड्याचं, मी म्हणाले. त्याने मान हलवली, जशी तिकडे हलवतात, ज्यातून हो की नाही ते कळत नाही.

ब्रेकचं तेल पाणी शोषतं. हवेतलं पाणी, गुपचूप, झाकण एकदा उघडलं की कायम. डॉट 4 जातीचं तेल नवं असताना 230 अंशांखाली उकळता कामा नये. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 155 वर आली तरी ते प्रमाणात बसतं. रस्त्यावर फरक कळतच नाही, तिथे ब्रेक एवढे तापत नाहीत. ट्रॅकवर चार फेऱ्यांत तापतात, तेल उकळतं, नळीत वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. थंड झालं की वाफेचं पुन्हा तेल, आणि पेडल काही झालंच नाही असं घट्ट. हे सगळं मला माहीत होतं. वहीत लिहिलेलंही होतं.

बाटली मागच्या महिन्यात उघडलेली नव्हती. ती पावसाळ्याच्याही आधी, मे महिन्यात क्लच दुरुस्त केला तेव्हाची होती. जून ते सप्टेंबर ती घरात जिन्याखाली होती, झाकण सैल. रायपूरचा पावसाळा तिने पिऊन घेतला होता. उस्तादांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. मी आठवण्याची तसदी घेतली नव्हती, आणि उत्तर खात्रीने दिलं होतं.

असं मी आधीही केलं आहे. एका छत्तीसगढी कवितेत ‘बासी’ होती. मराठीत मी ‘शिळा भात’ केलं. संपादकाने समासात विचारलं होतं, शिळा? मी उत्तर दिलं, हो, बरोबर आहे. आमच्याकडे बोरे-बासी म्हणजे रात्री पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर खायचा भात, उन्हाळ्यात शेतकऱ्याच्या पोटाला थंडावा. 2022 पासून काही वर्षं तर 1 मे हा बोरे-बासीचा दिवस म्हणून सरकारनेच साजरा केला. मराठी वाचकाला मात्र माझ्या ‘शिळ्या भाता’त उपाशी, उष्टं खाणारा माणूस दिसला आणि कवितेतली न्याहारी गेली. संपादकाने विचारलं होतं. माधवराव सप्र्यांच्या गावात राहून हे करावं! त्यांनी इथल्या मातीत बसून ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं.

त्या रात्री मी उस्तादांना फोन केला नाही. लाज वाटली असं आता म्हणते. तेव्हा स्वतःला सांगितलं की हे फोनवर बोलण्यासारखं नाही. नवं तेल भरून घेतलं, सीलबंद बाटली माझ्या डोळ्यांसमोर फोडून. ट्रॅकची उरलेली पाळी सोडून दिली.

परतीला बस्तरचा रस्ता धरला, तो जवळचा. विजयवाडा, भद्राचलम, मग चिंतूर, कोंटा, सुकमा. या पट्ट्यात माणूस दिवसाउजेडीच जातो. सुरक्षा दलांचे तळ, काटेरी तार, मधे सालाचं जंगल आणि मोहाची झाडं. गाडीत रेडिओ लागत नव्हता. एका हाताने स्टिअरिंग धरून मी वाक्य जुळवत होते. उस्ताद, गलती मेरी थी. हे फार सोपं झालं. उस्ताद, वो बोतल पुरानी थी. हे बाटलीवर ढकलणं झालं. दुसऱ्यांची वाक्यं इतकी वर्षं इकडून तिकडे नेली, पण आपलं एक वाक्य हिंदीत नीट बसेना. आणि ‘आँख’ असलेलं वाक्य परत कसं घ्यायचं? ते तर मी अगदी निर्दोष हिंदीत बोलले होते.

जगदलपूरला मुक्काम करून सकाळी निघाले. कोंडागावनंतर केशकालचा घाट येतो. रायपूरहून बस्तरला जाताना तो चढाचा, परतताना उताराचा. बारा वळणं, बारा भांवर म्हणतात. मध्ये तेलीन सतीमाईचं देऊळ आहे, ट्रकवाले थांबून नारळ फोडतात, मगच पुढे जातात. मीही थांबले. श्रद्धेने नाही, पाय थरथरत होते म्हणून. तेल नवं होतं, पेडल घट्ट होतं, तरी उतारावर पहिल्या वळणाआधी पायाला त्या लोण्याची आठवण झाली. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या भरवशावर, मालट्रकच्या मागे मागे घाट उतरले. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. वाजवू दिले. पुढे कांकेर, चारामा, धमतरी. दुपारी तीनला टाटीबंध.

उस्ताद एका ट्रकच्या चाकापाशी बसले होते. उठले, हात फडक्याला पुसले, आणि माझ्याकडे न येता आधी गाडीभोवती एक चक्कर मारली. बंपरखालची माती बोटाने काढून पाहिली.

मी जुळवलेलं वाक्य बोलले नाही. म्हणाले, ‘उस्ताद, बोतल मई की थी.’

‘मालूम है,’ ते म्हणाले. शेडमध्ये गेले आणि फळीवरून माझी बाटली घेऊन आले. तळाशी बोटभर तेल होतं, चहाच्या रंगाचं. ‘आपका फोन आया तो निकाल के देखा.’

‘फिर बोले क्यों नहीं?’

‘क्या बोलते? आप घबराई हुई थीं.’ मग जरा थांबून, ‘हमने पूछा, आपने बताया, हमने मान लिया. ढक्कन ढीला था, ये तो हाथ से भी दिखता है. आँख नहीं लगती उसमें.’

तो शब्द त्यांनी काही जोर देऊन उच्चारला नाही. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली, हो नाही काही म्हणाले नाहीत, पोऱ्याला चहा सांगितला. चहा पिताना चेन्नईच्या मुलाने कोणतं तेल भरलं, किती वेळा हवा काढली, पुढची चाकं आधी घेतली की मागची, सगळं विचारलं. मी सांगितलं. मागच्या डाव्यापासून सुरुवात केली नव्हती, हे त्यांना पसंत पडलं नाही.

‘फिर से करेंगे,’ म्हणाले. पोऱ्याला पैसे देऊन नवी बाटली आणायला पाठवलं. गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली. मी सवयीने दार उघडून सीटवर बसायला गेले.

‘उधर नहीं.’

त्यांनी मला पाना दिला, एक पारदर्शक नळी आणि अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली दिली, जमिनीवर गोणपाट टाकलं. मग स्वतः सीटवर जाऊन बसले, काळा चष्मा काढून डॅशबोर्डवर ठेवला. मी आडवी झाले. चाकाच्या आतून सगळं उलटं दिसत होतं. निप्पल कुठे आहे ते चौदा वर्षांत मी एकदाही पाहिलेलं नव्हतं. बोटाने चाचपलं तेव्हा सापडलं.

‘बोलिए,’ वरून आवाज आला.

मी म्हणाले, ‘दबाइए.’